आमच्या घरी राहून गेलेला सिनेमा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पत्र पाठवून विषय विचारला, तेव्हा आम्ही कापसावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. वर्धा जिल्ह्यातील माणूस कापसावाचून दुसरे काय बोलणार? आम्ही विषय कळविला, ‘सिनेमा’. चालक सभ्य, त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले की, या विषयाशी आपला संबंध कोणता? आम्ही उत्तर पाठविले की, आमच्या घरात चार दिवस सिनेमा राहून गेला आहे. तेवढ्याच अधिकारावर आज आपणांपुढे उभे आहोत.

आणखी एक खुलासा. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. आमची आई, आम्ही उभयता, धाकटा भाऊ आणि त्या वेळी नववीत असलेली मुलगी अशी पाच माणसे त्या घरात होती. जे घडले ते पाचांचे घडले आणि जी चूक झाली तीही पाचांची. निदान आम्ही तरी ती एकट्याने दुसऱ्याच्या पदरात टाकू इच्छीत नाही.

प्रथम काळ सांगितला पाहिजे. २००६ साली जून संपून जुलै लागत होता, तेव्हा पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले. आमच्या जिल्ह्यातील वायफड या गावी ते गेले होते. त्या भेटीत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यानंतर आमच्या भागात दोन पिके एकदम आली. एक पाहणी करणाऱ्यांचे आणि दुसरे चित्रे घेणाऱ्यांचे. त्यांपैकी एक चमू एका कार्तिकात, ऐन वेचणीच्या तोंडावर, आमच्या दारी उतरला. वर्ध्याच्या एका परिचिताचा शब्द होता. पाहुण्याला नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. आम्ही हो म्हटले.

माणसे वाईट नव्हती, हे आरंभीच सांगतो. ती आमच्या दुःखाविषयी कळकळीने बोलत. आईच्या पाया पडत, पिठले-भाकर आवडीने खात. त्यांचे प्रमुख पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, “तुम्ही रोज जसे राहता तसेच राहा. आम्ही येथे नाहीच असे समजा.” आठ माणसे, दोन मोटारी आणि एक धडधडणारे जनित्र अंगणात असताना ती नाहीतच असे समजणे ही योग्यांना साधणारी गोष्ट आहे. आमच्या म्हशीला ती मुळीच साधली नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून पान्हा चोरला.

“जसे राहता तसेच” या शब्दांचा अर्थ सकाळी कळू लागला. माजघरातील लोखंडी कपाट चित्रात चांगले दिसेना. ते शेजाऱ्याकडे गेले. दूरदर्शनच्या संचावर घोंगडी पडली. भावाची मोटारसायकल गोठ्यामागे लपली. मग घरातल्या बाईंना सांगण्यात आले की, याहून जुने लुगडे असल्यास बरे, म्हणजे शेतकरी कुटुंब वाटेल. त्या म्हणाल्या, “काहून? आम्ही कास्तकार दिसत नाही का?” प्रश्न साधा होता. चित्र घेणाऱ्यांपैकी कोणीच त्याचे उत्तर दिले नाही. जुने लुगडे मात्र निघाले.

हा प्रकार आमच्याच वाट्याला आला असे नाही. तो सिनेमाच्या जन्मापासूनचा आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन गृहस्थाने १९२० आणि २१ साली हडसन उपसागराच्या काठी राहून तेथील हिमप्रदेशातील एका कुटुंबाचे चित्र काढले. १९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या नावाने ते जगभर गाजले आणि सत्यपटांचा तो आद्य नमुना मानला जातो. वस्तुतः नायकाचे नाव नानूक नव्हते. पडद्यावरची त्याची पत्नी ही त्याची पत्नी नव्हती. त्या काळी तेथील शिकारी बंदूक वापरू लागले होते. तरी बंदूक दूर ठेवून जुना भाला हाती देण्यात आला. बर्फाच्या घरात प्रकाश पुरेना, म्हणून मुद्दाम मोठे घर बांधून त्याची एक बाजू उघडी ठेवली, आणि त्या उघड्या घरात ते कुटुंब झोपेतून उठते असे दाखविले. पुढे १९३४ साली त्याच फ्लाहर्टीने आयर्लंडजवळच्या अॅरन बेटांवर चित्र काढले. तेव्हा तेथील कोळ्यांना कित्येक वर्षांपूर्वी सुटलेली एका प्रचंड माशाची शिकार नव्याने शिकावी लागली. भाला नानूकला मिळाला, जुने लुगडे आमच्या घरी मिळाले. बंदूक तिकडे लपली, मोटारसायकल इकडे.

आणि बर्फाच्या घराची उघडी बाजू? तीही आली. आमचे घर कवेलूंचे. माजघराशेजारच्या खोलीत आम्ही वेचलेला कापूस साठवतो आणि पुरेसा जमला की बंडीत भरून जिनावर नेतो. त्या खोलीत सूर्याची एक तिरीप कापसाच्या ढिगावर पडावी अशी त्यांची इच्छा झाली. त्यांनी विचारले आणि आम्ही परवानगी दिली, हे लपवीत नाही. छपरावरची पंधरा-वीस कवेलू उतरली, तिरीप पडली, चित्र निघाले. ते खरोखर सुंदर असावे. संध्याकाळी एका पोराने कवेलू परत बसविली. कवेलू बसविणे हे कसब आहे. ते नागपूरहून मोटारीत येत नाही.

आता सीतादहीची गोष्ट. आमच्याकडे वेचणीच्या आरंभी धुऱ्यावर दगड मांडून, हळदकुंकू वाहून दहीभाताचा नैवेद्य दाखवितात आणि मग पहिला कापूस ओटीत पडतो. आईने चार बाया घेऊन ते सारे केले. ते आटोपल्यावर प्रमुख म्हणाले की, ढग आडवा आला होता, पुन्हा एकदा करावे. आई दगडांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बाप्पा, देवीले एका दिवशी दोनदा कोण जेवाले बोलावते?” त्यांनी समजाविले की, हे नुसते दाखविण्यापुरते. आई म्हणाली, “मंग दाखव बाप्पा तूच.” आणि ती घरी निघून गेली. त्यांनी एका वेचणाऱ्या बाईला आईचे लुगडे नेसवून ते दृश्य पुरे केले. आम्ही तेथे उभे होतो, बोललो नाही. पाहुण्याचा मान राखला असे त्या वेळी वाटले. कोणाचा मान गेला याचा हिशेब मागाहून लागला.

वेचणाऱ्या बायांचेही ऐकावे. वेचणीची मजुरी किलोवर असते. जेवढा कापूस वेचाल तेवढे पैसे. चित्रवाल्यांनी आठ बायांना दिवसाची रोकड ठरवून दिली, ती किलोच्या हिशेबाने कधी पडली नसती इतकी. काम एवढेच की, ओटी बांधून तासातून इकडून तिकडे चालायचे. तीन दिवस त्या बाया चालल्या. साऱ्या गावाच्या बाया काम सोडून धुऱ्यावर येऊन बसल्या, की आपलाही नंबर लागेल. फुटलेला कापूस झाडावर तसाच राहिला. आमचा राहिला आणि शेजाऱ्यांचाही. चौथ्या दिवशी आमच्याशी गावात कोणी धड बोलेना.

मृणाल सेन यांचा ‘आकालेर संधाने’ हा बंगाली चित्रपट १९८० सालचा. १९८१ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यास पारितोषिक मिळाले. आपल्या स्मिता पाटील त्यात आहेत. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावर चित्र काढण्यासाठी एक चमू हातुई नावाच्या खेड्यात उतरतो, एवढेच त्याचे कथानक. चमूच्या खरेदीने बाजारातील जिन्नस संपू लागतात आणि लोक म्हणू लागतात की, दुष्काळाचे चित्र काढायला आलेल्यांनी दुसरा दुष्काळ आणला. शेवटी गाव उलटते आणि चमू उरलेले काम कलकत्त्याच्या चित्रशाळेत करण्यासाठी निघून जातो. आम्ही तो चित्रपट आमचा प्रसंग घडून गेल्यावर पाहिला. एका चित्रकर्त्याने आपल्याच धंद्याची इतकी परखड उलटतपासणी करावी, हे आम्हांस फार मोठे वाटले. आमच्याकडील मंडळींनी तो आधी पाहिला असता तर बरे झाले असते, आणि आम्हीही.

पाचव्या दिवशी चमू गेला आणि सहाव्या रात्री अवकाळी पाऊस आला. नव्याने बसविलेल्या कवेलूंतून पाणी थेट कापसाच्या ढिगावर पडले. सकाळपर्यंत दोन क्विंटलांच्या आसपास कापूस भिजून पिवळा पडला. भिजलेल्या, डागी कापसाला कवडी म्हणतात. जिनावर आम्हांला क्विंटलमागे चारशे रुपये कमी मिळाले; म्हणजे आठशेंचा तोटा. चित्रवाल्यांनी घराचे भाडे म्हणून दोन हजार दिले होते. तेव्हा निव्वळ जमाखर्च मांडला तर आम्ही बाराशेंनी नफ्यात आहोत. हे मुद्दाम सांगतो. आमची तक्रार पैशाची आहे असा समज घेऊन कोणी घरी जाऊ नये.

तक्रार दुसरी आहे आणि ती पहिल्याने आमच्याविरुद्धच आहे.

गावाच्या टोकाला एक घर होते. त्या घरचा कर्ता पुरुष त्याच वर्षी आषाढात गेला होता. कसा गेला हे विदर्भाबाहेरही सांगावे लागत नाही. तिसऱ्या दिवशी प्रमुखांनी विचारले, “असे एखादे घर जवळ आहे का?” आम्ही स्वतः त्यांना तेथे नेले. आपल्या गावाचे दुःख जगाला कळावे, ही आमची भावना खोटी नव्हती. पण पाहुण्यांपुढे आपली पोच दाखविण्याची हौसही तीत मिसळलेली होती, हे आज कबूल केले पाहिजे.

ती बाई लहान वयाची. तिला प्रश्न विचारले. तो शेवटचा कधी बोलला, काय बोलला, कोठे सापडला. पहिल्या वेळी बाहेर कुत्रे भुंकले, म्हणून पुन्हा विचारले. दुसऱ्या वेळी तिच्या तोंडावर सावली होती, म्हणून पुन्हा. तीन वेळा त्या बाईने आपल्या नवऱ्याचे प्रेत सापडल्याचे सांगितले. तिसऱ्या वेळी ती रडली नाही, आणि चमूतील एकाच्या चेहऱ्यावर त्याची नाराजी आम्ही पाहिली.

त्या रात्री ती आमच्या ओसरीवर आली. म्हणाली, “भाऊ, मी बोलली ते तहसिलात जाईल का?” आम्हांला क्षणभर उमगले नाही. मग लख्ख कळले. तिला वाटले होते की, ही मंडळी सरकारकडून चौकशीला आली आहेत. २००६ पासून अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळण्याची व्यवस्था होती. तीस हजार हाती आणि सत्तर हजार बँकेत ठेव. परंतु त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागे. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते नापिकीमुळे थकलेले असावे, अशा अटी. तिच्या नवऱ्याचे कर्ज नातलगाचे आणि बिनपरवान्याच्या सावकाराचे. जमीन सासऱ्याच्या नावे. हे सारे ती भरल्या गळ्याने आणि खरेपणाने त्या यंत्रापुढे बोलून गेली होती. तिचे प्रकरण अजून निकालात निघायचे होते. आम्ही तिला सांगितले की, हे सरकार नव्हे, हा सिनेमा आहे. ती म्हणाली, “मंग मला काहून विचारलं?”

पुढे तिचे प्रकरण अपात्र ठरले. ते सिनेमामुळे ठरले नाही. सातबारा आणि कर्जाचे कागद यांमुळे ठरले. आम्ही तहसिलात जाऊन कागद डोळ्यांनी पाहिले आणि तिला जाऊन सांगितले. तिने ऐकून घेतले. पण त्या दिवसापासून ती आमच्या ओसरीवर आली नाही. तिची समजूत चुकीची आहे असे आपण म्हणाल. समजूत चुकीची असेल. मुळात तिच्या घरात कोणी शिरावे हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता, हा तिचा न विचारलेला प्रश्न चुकीचा नाही.

आता कोणी म्हणेल, मग कॅमेरा खेड्यात येऊच नये काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. पी. साईनाथ यांनी २००६ मधील एक हिशेब सांगितला आहे. मुंबईत कपड्यांच्या एका मोठ्या प्रदर्शनाला ५१२ अधिकृत वार्ताहर होते. सुंदर मुली तेथे सुती वस्त्रे मिरवीत होत्या. ज्या मुलखात तो कापूस पिकतो आणि पिकविणारा मरतो, तेथे त्याच सुमारास बाहेरून आलेले वार्ताहर सहा होते. दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ या २००९ च्या सत्यपटात हे सारे आले आहे. तो पाहून कित्येकांची झोप उडाली असेल. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने त्याच वर्षी वऱ्हाडी बोली आणि कोरडवाहूची धास्ती पडद्यावर आणली. कोणी पाहिलेच नसते तर आमच्याकडे कोणी वळले नसते. म्हणून प्रश्न यावे की येऊ नये हा नाही; कोणत्या अटींवर यावे हा आहे.

आणि या अटी शोधायला आम्हांला दूर जावे लागत नाही. त्या आमच्याच जिल्ह्यात, एका मातीच्या कुटीत घालून दिलेल्या आहेत.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या आमच्या खेड्यात राहावयास आले; १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. तेथे कनु गांधी नावाचा तरुण होता, बापूंच्या पुतण्याचा, नारणदास गांधींचा मुलगा. त्याला छायाचित्रे काढण्याची हौस. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, कॅमेरा आला. बापूंनी त्यास तीन अटींवर परवानगी दिली. झगझगीत दिवा पाडायचा नाही. आम्हांला अमुक तऱ्हेने बसा-उठा असे सांगायचे नाही. आणि आश्रम त्यासाठी पैसा देणार नाही. या तीन अटींत राहून कनुभाईंनी दहा वर्षे चित्रे काढली, आणि बापूंची जी घरगुती, अवघडलेपणा नसलेली चित्रे आज आपण पाहतो, त्यांतील कितीतरी त्यांची आहेत. अटींनी कला मेली नाही.

त्या अटी आमच्या घराला लावून पाहा. दिवा पाडू नका, म्हणजे तुमच्या उजेडासाठी माझे घर उसकू नका. बसा-उठा सांगू नका, म्हणजे देवीला दोनदा जेवायला घालू नका, दुःख तीनदा वदवून घेऊ नका. तिसरी अट पैशाची. चित्राचा भार ज्याचा त्याने उचलावा. आणि गावात पैसा आणायचाच तर तो चाललेल्या वेचणीचा मोड करून आणू नये.

परंतु या तीन अटींच्या मागे एक चौथी गोष्ट उभी होती, ती आपल्या ध्यानात यावी. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबांनी बापूंच्या मांडीवर प्राण सोडला. त्या अखेरच्या वेळेचे चित्र घेण्याची कनुभाईंची इच्छा होती. बापूंनी नाही म्हटले. चित्र निघाले नाही. काढणारा घरचाच, मुलासारखा. मरणारी जगाला ठाऊक असलेली. चित्राचे मोल अपार. तरी एका नवऱ्याने नाही म्हटले आणि तो शब्द पाळला गेला.

बापूंना नाही म्हणता येत होते. आमच्या गावच्या त्या बाईला नाही म्हणता येत नव्हते. कारण समोर कोण आहे हेच तिला माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते ते आम्ही, चित्रवाल्यांच्या बाजूला उभे होतो. दुबळ्याच्या तोंडचा ‘हो’ हा परवानगी नसतो, कित्येकदा ती भीती असते. म्हणून आमची मागणी एवढीच. दारात येणाऱ्याने आधी सांगावे की, आम्ही सरकार नव्हे. तुम्ही बोललात तरी काही मिळणार नाही आणि न बोललात तरी काही जाणार नाही. मग एक रात्र जाऊ द्यावी. सकाळीही घरच्यांचा हो कायम असेल तर चित्र घ्यावे. आणि ते पुरे झाल्यावर प्रथम त्याच घरी आणून दाखवावे. आमचे चित्र आम्ही आजवर पाहिलेले नाही.

हे केवळ चित्रवाल्यांसाठी नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपण सारेच चमू झालो आहोत. आपल्या गावच्या दुःखाकडे पाहुण्याला बोट धरून नेणारा जो माणूस असतो, त्याच्यासाठी हे अधिक आहे. तो माणूस आम्ही होतो.

शेवटी एक लहानशी हकीकत. गेल्या कार्तिकात मुलगी माहेरी आली होती. आई आता फार थकली आहे, पण सीतादहीला तिला धुऱ्यावर नेले. मुलीने मोबाईल काढला, पण तो वर धरण्याआधी तिने आजीला विचारले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “काढ. पण एकदाच.” मुलीने एकदाच काढले. चित्र थोडे हलले आहे आणि आईचा अर्धा चेहरा पदराआड आहे. आमच्या घरात तेवढे एक चित्र आहे.